अनुग्रह घ्यायचा तर परंपरा पाहायची का माणूस?

महालचा पोट्टा
आमच्या घरी सध्या एकच विषय सुरू आहे. मोठ्या मामीनं अनुग्रह, म्हणजे गुरूकडून मंत्र, घेतला आणि आता सगळ्यांच्या मागे लागून राहिली का तुम्ही पण घ्या, निगुऱ्याचं (ज्याला गुरू नाही त्याचं) काही खरं नसते. रविवारी मला सक्करदऱ्याला तिच्या महाराजांकडे घेऊन गेली. हॉलमध्ये स्टेजमागे हा मोठा फ्लेक्स, आदिनाथापासून खाली बाण काढत काढत सोळा नावं (मोजली मी, भजन लांबलं होतं), सगळ्यात खाली महाराजांचा फोटो आणि तोच सगळ्यात मोठा. खाली टेबलावर तांदळाचं तबक, तबकाला टेकवून क्यूआर कोड.

आता माझा प्रश्न. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तीनाथ, ज्ञानेश्वर, ही सहा नावं माउलींनीच ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगून ठेवली, मान्य. पण माउलींची समाधी १२९६ ची. तिथून आजपर्यंत सव्वासातशेच्या वर वर्षं आणि फ्लेक्सवर उरली दहा नावं, म्हणजे गुरू-शिष्यात दरवेळी सत्तर-बहात्तर वर्षांचं अंतर? मामीला विचारलं तर म्हणते डोकं चपलांपाशी ठेवून यायचं असते बाबू. परंपरा म्हणजे नेमकं काय मानायचं मग, सांगा.

बुटीबोरीकर
भाऊ तुम्ही बाण मोजत बसले आणि मुद्दा राहून गेला. मी आठ वर्षं तबला शिकलो. घरी व्हिडिओ पाहून बोटं बसवली होती, गुरुजींनी पहिल्याच दिवशी मनगट धरून म्हटलं, हे सगळं विसरा. ती चूक मला स्वतःला जन्मात ऐकू आली नसती. नामदेवांचं तेच आहे, ज्यांच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलायचा त्यांच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणं मारून पाहिलं आणि हे मडकं कच्चं म्हणून सांगितलं, रागावले नामदेव, पण शेवटी औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांना गुरू करायला गेलेच ना? कच्चं आहे का पक्कं हे मडक्याला स्वतःला कळत नाही, बाहेरून कोणीतरी वाजवावं लागते. ज्यानं वाजवलं त्यालाही कोणीतरी वाजवलेलं असलं पाहिजे, हीच परंपरा. फ्लेक्स गेला उडत.

धंतोलीची वाचक
तबल्यात चूक झाली तर ऐकणाऱ्या चार लोकांना कळते हो. इथं महाराज चुकले तर कोण सांगणार? आमच्या नात्यातल्या एका काकांनी रिटायरमेंटच्या पैशातला मोठा हिस्सा अशाच एका ठिकाणी दिला, काकूला पासबुक भरायला गेल्यावर समजलं, आणि विचारलं तर गुरुद्रोह.
आणि साखळी लागतेच असं कुठं आहे? तुकोबांना मंत्र स्वप्नात मिळाला. गजानन महाराज १८७८ साली शेगावात दिसले तेव्हा उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खात होते, त्यांचा गुरू कोण ते आजपर्यंत कोणाला सांगता आलं नाही. आपल्या अमरावतीकडचे गुलाबराव महाराज घ्या, १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, ते सांगायचे का मंत्र मला ज्ञानेश्वर माउलींनी दिला, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवायचे. मधे सहाशे वर्षं! त्यांच्या फ्लेक्सवर एकच बाण.

बुटीबोरीकर
तुकोबांचा अभंग पूर्ण वाचा ना ताई. 'राघवचैतन्य केशवचैतन्य । सांगितली खूण माळिकेची', म्हणजे स्वप्नात पण त्यांच्या गुरूंनी, बाबाजींनी, आधी आपली माळिका सांगितली, मग रामकृष्णहरी दिला. गुरू स्वप्नातला असला तरी कोणाचा कोण हे सांगूनच आला. तुमचंच उदाहरण आहे, माझं नाही.

धंतोलीची वाचक
वाचलाय पूर्ण. त्याच अभंगात बाबाजींनी जेवायला मागितलं काय तर पावशेर तूप, आणि तुकोबा ते पण विसरले! तरी मंत्र मिळाला. क्यूआर कोड असता तर विसरता आलं असतं का? 😄

गोधनी लोकल
काऊन भांडून राहिले बाप्पा, समर्थांनी दासबोधात निकाल लावून ठेवला आहे. जे शिष्याला साधनेला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, 'ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे'. आडका म्हणजे अगदीच चिल्लर नाणं. तेव्हा पण मार्केट भरून होतं म्हणजे.

दीक्षाभूमी रोड
एक बाजूचा मुद्दा. परंपरा परंपरा करता पण दारात कोणाला घेतलं ते पण पाहा. संत बहिणाबाई (तुकोबांच्या काळातल्या) ब्राह्मण, तिनं तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्यानं मारलं तिला, तिनंच लिहून ठेवलं आहे. आणि बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर, फुले. फुले गेले १८९० ला, बाबासाहेब जन्मले १८९१ ला, म्हणजे तिघांपैकी एकाचीही भेट नाही. गुरू निवडता येते, फ्लेक्सवर चिकटवून घ्यावंच लागते असं नाही.

बुटीबोरीकर
बहिणाबाईंचं मान्य, पण त्याच बाईनं आदिनाथापासून तुकोबांपर्यंत माळिका अभंगात लिहून ठेवली. मार खाल्ला तरी तिला ती पाहिजे होती. का पाहिजे होती याचा विचार करा एवढंच म्हणतो. क्यूआरबद्दल मी काही बोलत नाही, ते मलाही पटत नाही.

महालचा पोट्टा
काल गुरुवारी परत गेलो, मामीच्या शब्दाखातर. एका सेवेकरी काकांना सरळ विचारलं का माउलींनंतरची नावं इतकी कमी कशी. काका चिडले नाही हं, उलट हसले. म्हणे मधली बरीच नावं आहेत, बॅनरवाल्याला जागा पुरली नाही म्हणून गाळली, फोटो मोठा ठेवायचा होता.
मी म्हटलं पूर्ण यादी द्या. जुनी वही आहे म्हणे, शोधून ठेवतो. दुसरं विचारलं, महाराज त्यांच्या गुरूंपाशी किती वर्षं राहिले? यावर मात्र काकांनी मामीकडे पाहिलं, मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि प्रसादाचा द्रोण हातात दिला. घरी येईपर्यंत ऑटोत एक शब्द बोलली नाही. उतरताना म्हणते, महाराज गुरूंपाशी किती वर्षं राहिले तो प्रश्न पुढच्या गुरुवारी मीच विचारते.

बुटीबोरीकर
मामीला नमस्कार सांगा. आणि वही मिळाली तर फोटो टाका इथं.