सोऱ्या सापडला, त्याबद्दल

ब-२०४ :
सर्व सभासदांना नमस्कार. आखाजीच्या सुमारास कुरडया आटोपल्यावर माझ्या सासूबाईंचा पितळी सोऱ्या घरातून नाहीसा झाल्याचे मी याच ग्रुपवर कळवले होते, आणि "आमच्याकडे बाहेरची एकच व्यक्ती येते" असे वाक्यही त्यात लिहिले होते. नाव घेतले नव्हते, तरी रोख कोणाकडे आहे हे सर्वांना समजले आणि महिन्याभरात मावशींची आपल्या इमारतीतील दोन घरची कामे सुटली.

तो सोऱ्या काल गव्हाच्या कोठीत सापडला. दिवाळीच्या दळणासाठी तळाचा गहू काढताना मापट्याला काहीतरी खणकन लागले, आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यातून चौकड्याच्या कापडी पिशवीत बांधलेला सोऱ्या निघाला. बारीक भोकांची चकती आतच होती आणि तिच्या दोन-तीन भोकांत गव्हाचा चीक वाळून दगडासारखा झाला होता.

तो तेथे मीच ठेवला होता. रिकामी कोठी ऊन देऊन आत आणली होती. सोऱ्या माळ्यावर ठेवायला निघाले असताना वावटळ सुटली, म्हणून हातातली पिशवी कोठीत टेकवून मी गच्चीवरची वाळवणे झाकायला धावले. संध्याकाळी मुलाने पाला टाकून वर गहू ओतला. त्यानंतर मी माळा तीन वेळा उपसला, पलंगाखालचे डबे काढले, शेजारी विचारून आले. कोठीत हात घालण्याचे मात्र एकदाही मनात आले नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आज सकाळी मी मावशींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. परंतु संशय येथे लिहिला होता, तेव्हा चूकही येथेच लिहिली पाहिजे. माझ्या त्या वाक्यावरून ज्यांनी त्यांचे काम थांबवले असेल, त्यांनी कृपया पुन्हा विचार करावा.

अ-१०१ :
ताई, तुम्ही हे लिहिलेत, फार बरे केलेत. आमची आई वस्तू हरवली की पदराला गाठ मारून "कार्तवीर्यार्जुनो नाम राजा बाहुसहस्रवान्" हा श्लोक म्हणत असे. त्याच्या नुसत्या स्मरणाने "गतं नष्टं च लभ्यते", म्हणजे गेलेले आणि हरवलेले परत मिळते, अशी श्रद्धा आहे. या राजाची माहिष्मती म्हणजे सातपुड्यापलीकडचे, नर्मदाकाठचे महेश्वर, असे बहुतेक मानतात. श्लोक म्हणेपर्यंत आई कोणाचेही नाव तोंडातून काढू देत नसे, आणि मला त्या रिवाजातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

क-३०२ :
काकू, यात तुमचा विसरभोळेपणा आहे असे समजू नका. अमेरिकेतील नोट्र डेम विद्यापीठाचे गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की तेवढेच अंतर एका खोलीत चालण्यापेक्षा दार ओलांडून चालल्यावर हातातल्या वस्तूची आठवण अधिक पुसट होते, आणि पहिल्या खोलीत परत आल्यानेही ती सुधारत नाही. पुढे २०२१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना दिसले, की नुसत्या दाराने फारसे बिघडत नाही. डोक्यावर आधीच दुसरे ओझे असेल तेव्हा विसर पडतो. वावटळीत उडू पाहणारी वर्षभराची वाळवणे हे ओझे लहान नव्हते. शिवाय पिशवी टेकवताना लक्षच नसेल, तर ती जागा मनात नोंदली जात नाही, मग नंतर कितीही आठवले तरी हाती काय लागणार?

ब-४०१ :
त्या दोन घरांपैकी एक आमचे होते. विचारपूस न करता आम्ही काम बंद केले, हे चुकलेच. आत्ताच मावशींना फोन केला होता. सकाळची वेळ त्यांनी दुसरीकडे दिली आहे आणि ते घर सोडणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दुपारी तीननंतर जमल्यास पाहते म्हणाल्या. त्या सांगतील ती वेळ आम्हाला चालेल, असे कळवले आहे.