तिसरी-चौथीत ‘गतिज’ आणि ‘स्थितिज’ हे शब्द हवेतच कशाला?

उतरण
मुलगी चौथीत. प्रश्न होता: स्थितिज ऊर्जेचे उदाहरण द्या. तिनं लिहिलं, ‘झोपलेले मांजर. कारण ते स्थिर असते.’ उत्तराला बरोबरची खूण! व्याख्या मात्र तिला तोंडपाठ: ‘वस्तूच्या विशिष्ट स्थितीमुळे तिच्यात सामावलेली ऊर्जा.’ (गतीमुळे असते ती गतिज.) माझं म्हणणं असं, की या वयात गोट्या, झोका, रबर, उतारावरून सोडलेली गाडी एवढं पुरे. नावं सातवी-आठवीत येऊ द्या. विल्यम रँकिननं ‘पोटेन्शियल एनर्जी’ (म्हणजे स्थितिज ऊर्जा) हा शब्द १८५३ साली वापरात आणला. न्यूटनचं त्याच्यावाचून काही अडलं नाही, आठ वर्षांच्या पोराचं कसं अडेल?

खडूफळा
न्यूटनचं उदाहरण तुमच्यावरच उलटेल. शब्द आणि कल्पना पक्की नव्हती म्हणूनच गतीचं खरं माप कोणतं, वेग की वेगाचा वर्ग, यावर मोठमोठे विद्वान कित्येक वर्षं भांडत राहिले.

मी प्राथमिकला शिकवते. मुलांना अवघड शब्दांची भीती नसते, ती आपल्याला असते. डायनासोरांची नावं कशी घडाघडा म्हणतात ते पाहा. आणि नाव नसेल तर ताणलेलं रबर, वर नेलेला झोका आणि किल्ली दिलेलं खेळणं या तीन वेगळ्या गमतीच राहतात. तिन्हींत एकच काहीतरी आहे हे सांगायला शब्द लागतोच.

उपटसुंभ
मांजर कपाटावर झोपलं असेल तर उत्तर बरोबर आहे की! 😀

उतरण
@उपटसुंभ, उत्तर बरोबर, कारण चूक. दुखणं तेच आहे.

@खडूफळा, तिन्हींत एकच काहीतरी आहे हे मान्य. पण ते ‘एकच’ दिसायच्या आधी शब्द हातात दिला तर मूल शब्दालाच धरून बसतं. ‘साठलेली ताकद’ म्हटलं तर काय बिघडतं?

काथ्याकूट
बिघडतं. माझ्या भाच्यानं विचारलं होतं, ‘चेंडू कापला तर साठलेली ताकद बाहेर सांडेल का?’ टाकीत पाणी असतं तसं चेंडूच्या पोटात काही नसतं. उंचीमुळे येणारी ऊर्जा चेंडू आणि पृथ्वी या जोडीची असते, एकट्या चेंडूची नव्हे. शिवाय उंची कुठून मोजायची, टेबलापासून की जमिनीपासून? ते आपणच ठरवायचं असतं. हे चौथीत सांगणार आहात का?

मांजराचा घोटाळा तर सरळ भाषेचा आहे. ‘स्थितिज’ म्हणजे स्थितीपासून जन्मलेली. मुलाच्या कानाला तो ‘स्थिर’चा भाऊ वाटतो, आणि शेजारी ‘गतिज’ असला की जोडी जमलीच: हलतं ते गतिज, थांबलेलं ते स्थितिज. मग उंचावरून उडणाऱ्या विमानात दोन्ही एकाच वेळी असतात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

खडूफळा
ही अडचण खरी आहे. मी स्वतः ही चूक वर्गात दर वर्षी ऐकते. म्हणून मी सुरुवात व्याख्येनं करत नाही. पुठ्ठ्याचा उतार, एक गोटी, आणि पायथ्याशी आडवा ठेवलेला कागदी पेला. गोटी पेल्यात शिरते आणि त्याला ढकलत नेते. किती लांब, ते पट्टीनं मोजायचं. मग उतार तोच ठेवून गोटी दुप्पट उंचीवरून सोडायची, पेला साधारण दुप्पट लांब जातो. मग जड गोटी. तिसऱ्या फेरीला मुलंच म्हणतात, ‘बाई, वर नेताना आपण जे घातलं तेच खाली निघालं.’ त्या क्षणी शब्द द्यायचा.

ही गंमत जुनीच आहे. डच शास्त्रज्ञ ग्राव्हेसांदे यानं १७२२ च्या सुमारास पितळी गोळे मऊ मातीवर टाकून खड्डे मोजले. दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल रुतला. फ्रेंच विदुषी एमिली द्यु शात्लेनं त्यावर पुढे लिहिलं. गतीच्या मापाचा तो जुना वाद मिटायला या खड्ड्यांची मोठी मदत झाली.

उतरण
म्हणजे तुम्हीही शब्द शेवटीच देता! मग आपलं भांडण कशावर आहे?

खडूफळा
‘शेवटी’ म्हणजे त्याच तासाच्या शेवटी. तुम्ही चार वर्षं थांबा म्हणताय.

काथ्याकूट
एक राहिलंच. दोनच प्रकार शिकवले की झोका थांबल्यावर मुलं म्हणतात, ‘ऊर्जा संपली.’ तळहात घासून गरम करून दाखवा, घर्षणानं गेली ती तिकडे. हे नसेल तर उरलेलं शिकवूच नका.

उतरण
पेल्याचा प्रयोग काल घरी केला. दुप्पट उंचीला दुप्पट काही आलं नाही, पेला तिरका जात होता. मुलगी म्हणाली, पट्ट्या लावून वाट करूया. त्यात तास गेला. ‘स्थितिज’ शब्द मी काढला नाही. तिनंच विचारलं, ‘बाबा, मग माझं मांजर कुठे झोपलं होतं ते सरांनी विचारायला हवं होतं ना?’