पन्नास माणसांच्या बेटासाठी २ कोटी ७० लाख पौंडांची बोट?

उत्तरवारा (धागाकर्ता)

स्कॉटलंडच्या नकाशात अगदी वरच्या बाजूला ऑर्कनी आणि शेटलंड हे दोन द्वीपसमूह दिसतात. त्यांच्या मधोमध जो एकटा ठिपका आहे, ते फेअर आइल. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, वस्ती पन्नासच्या आसपास. विणकाम करणाऱ्यांना नाव ओळखीचं असेल, रंगीत पट्ट्यांच्या स्वेटरची ती नक्षी इथलीच.

या बेटाची बोट म्हणजे 'गुड शेफर्ड ४'. १९८६ सालची. उतारू बारा, आणि न्यायचीच असेल तर एखादी मोटार, तीही डेरिकने (बोटीवरच्या क्रेनने) उचलून डेकवर ठेवायची. शेटलंडच्या दक्षिण टोकाला ग्रटनेसचा धक्का आहे, तिथपर्यंत अडीच तास. हवा बरी असेल तर. नसेल तर बोट सुटतच नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने 'लेव्हलिंग अप' या मागे पडलेल्या भागांसाठीच्या निधीतून नवी बोट आणि दोन्हीकडच्या बंदरांच्या कामासाठी सुमारे २ कोटी ७० लाख पौंड मंजूर केले. तेव्हापासून इथे ॲबर्डीनमध्ये आमच्या मराठी टोळक्यात हा विषय निघाला की दोन तट पडतात. माझं मत: बोट बदललीच पाहिजे, आणि लागेल तेवढा खर्च करून.

दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांसाठी म्हणून गेलो आणि सहा दिवस राहिलो. विमान धुक्याने बंद, बोट लाटांनी बंद. पण डोक्यात राहिलं ते वेगळंच. नॉर्थ हेवन नावाच्या छोट्या खाडीत आम्ही उतरलो, पोती, गॅसचे सिलिंडर, कुणाचं तरी फ्रीज उतरलं, आणि मग ती अख्खी बोट विंचने ओढून खडकातल्या एका खाचेत चढवून ठेवली. आपल्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात ना, तसं. फरक एवढाच की इथे नारळी पौर्णिमा येत नाही, बाराही महिने हेच. खाडी उघडी, पाण्यात बांधून ठेवली तर पहिल्या वादळात बोट खडकावर. म्हणजे बोट केवढी असावी हे त्या खाचेनेच ठरवून टाकलंय. मोठी बोट हवी तर धक्का, रॅम्प, बोट ठेवायची जागा, सगळंच बदलावं लागतं. पैसे तिथे जाणार आहेत. नुसती बोट विकत घ्यायची असती तर हा आकडा आलाच नसता.

पै_पैचा_हिशेब

धागा छान, मताशी साफ असहमत.

२ कोटी ७० लाख भागिले ५०. माणशी ५ लाख ४० हजार पौंड. बोट तीस वर्षं चालली असं धरलं, व्याज-बिज सोडून दिलं, तरी दर माणशी दर वर्षी १८ हजार. यात डिझेल नाही, खलाशांचे पगार नाहीत, डागडुजी नाही. त्याच यादीत इंग्लंडमधल्या मोरकॅम्बसारख्या गावाला ईडन नावाच्या पर्यटन प्रकल्पासाठी ५ कोटी मिळाले. ते पैसे वाया गेले तरी निदान हजारो लोकांच्या आशेवर वाया जातील.

आणि सरकारी पैशाच्या बोटींचा विषय निघालाच आहे म्हणून स्कॉटलंडच्या या दोन फेरीबोटी आठवा: 'ग्लेन सॅनॉक्स' आणि 'ग्लेन रोझा'. २०१५ मध्ये दोन्ही मिळून ९ कोटी ७० लाखांचं कंत्राट. २०१७ मध्ये पहिलीचं जलावतरण झालं तेव्हा खिडक्या बसवलेल्या नव्हत्या, रंगाने काढल्या होत्या! गोदी बुडाली, २०१९ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. पहिली बोट जानेवारी २०२५ मध्ये उतारू घेऊन निघाली तेव्हा दुसरी गोदीतच होती आणि खर्च चौपटीच्या घरात गेला होता. हा अनुभव गाठीशी असताना 'लागेल तेवढा खर्च' हे शब्द तुमच्या हातून उतरले कसे?

प्रत्येक घराला दोन-अडीच लाख पौंड द्या. लर्विकमध्ये, शेटलंडच्या मुख्य गावात, सुखाने राहतील.

खारवा

हिशेबसाहेब, भागाकार बरोबर आहे, भाजक चुकलाय. पण ते नंतर.

सव्वीस वर्षं जहाजावर काढली, त्यातली काही उत्तर समुद्रात. दोन गोष्टी सांगतो. एक, तो बाराचा आकडा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बारापेक्षा जास्त उतारू घेतले की जहाज 'प्रवासी जहाज' ठरतं आणि मग बांधणी, आगप्रतिबंध, जीवरक्षक साधनं, सगळ्यांचे निकष एकदम कडक होतात. म्हणून जगभरच्या छोट्या बोटी बारावर अडलेल्या दिसतील.

दुसरी, शेटलंडच्या दक्षिण टोकाला समबरा हेडखालची 'रूस्ट'. अटलांटिक आणि उत्तर समुद्राच्या भरती-ओहोटीचे प्रवाह तिथे एकमेकांवर आपटतात. वारा नसला तरी पाणी उकळतं. आमच्यासारखी मोठी जहाजं लांबून वळसा घेऊन जायची. ही अठरा मीटरची बोट उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा त्या तोंडातून ये-जा करते, १९८६ पासून. मुंबईच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना जे पोटात ढवळतं, ते इथे कुणी खिजगणतीत धरणार नाही.

चाळीस वर्षांची बोट अशा पाण्यात चालवणं म्हणजे खलाशांच्या जिवावर काटकसर. 'बोट बदलायची का' हा प्रश्नच नाही. बदला, नाहीतर बंद करा. मधला रस्ता नाही.

रेवस_बंदर

आमच्या घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये. मुंबईच्या डोळ्यांसमोर, लेणी बघायला जगभरातून माणसं येतात, तरी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली. इंग्रजांना पन्नास माणसांची काळजी, आणि आपण...

उत्तरवारा

@रेवस_बंदर, अवांतर आहे पण गंमत सांगतो. फेअर आइलला चोवीस तास वीज मिळाली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये. तुमच्या घारापुरीनंतर आठ महिन्यांनी! तोवर रात्री अकराला दिवे जायचे. त्यामुळे 'तिकडे सगळं आलबेल' हे डोक्यातून काढा. आणि तिकडच्या लोकांना इंग्रज म्हणू नका, स्कॉटिशही जपून म्हणा. ते स्वतःला शेटलंडर म्हणवतात.

@पै_पैचा_हिशेब, 'लागेल तेवढा' हे माझं चुकलं, मागे घेतो. पण ग्लेन सॅनॉक्सची तुलना पटत नाही. ती दुहेरी इंधनावर चालणारी शंभर मीटरची जहाजं, नवखं तंत्र, आराखडा पुरा होण्याआधीच बांधणी सुरू. इथे मागताहेत काय, तर मोटार क्रेनने न उचलता स्वतः चढेल अशी साधी बोट.

निळावंती

मी फेअर आइलचे दोन स्वेटर विणलेत, एक अजून अर्धवट आहे :) तेव्हा बेटाबद्दल माया आहे हे आधीच कबूल करते. तरीही हिशेबदादांच्या बाजूने.

कारण वेगळं आहे. बेटावर प्राथमिक शाळा आहे. पुढे? मुलं अकरा-बारा वर्षांची झाली की लर्विकला वसतिगृहात. आई-बाप बेटावर, मूल तिकडे, हवामान चांगलं असेल तर सुट्टीत भेट. माझ्या आईचं सगळं शिक्षण असंच झालं, सातवीनंतर गाव सुटलं ते सुटलंच. ती परत गेली नाही, आणि गावाला एसटी नव्हती म्हणून नव्हे. एसटी आली तीच मुळी सगळे निघून गेल्यावर. बोट कितीही चांगली केली तरी बारा वर्षांचं मूल घरून हायस्कूलला जाणार नाही. मग वस्ती वाढणार कशी? तीस वर्षं टिकणारी बोट घ्यायची आणि पंधरा वर्षांत बेटावर वीस म्हातारी माणसं उरायची, असं व्हायला नको.

पै_पैचा_हिशेब

निळावंतीताई, नेमकं बोललात. आणि हे पहिल्यांदा घडत नाहीये. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं सेंट किल्डा बेट आठवा. २९ ऑगस्ट १९३०, उरलेल्या ३६ जणांना बोटीत बसवून मुख्य भूमीवर आणलं. कुणी हुसकावलं नव्हतं, त्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला होता. भावनेपेक्षा त्यांना वस्तुस्थिती कळत होती.

खारवा

अर्ज का केला तेही लिहा ना. वर्षातले कित्येक महिने बोट जायची नाही, आजारी माणसाला डॉक्टर मिळायचा नाही, टपाल सुद्धा लाकडाच्या डबीत घालून समुद्रात सोडायचे आणि वाट बघायचे. दळणवळण तुटलं म्हणून ती माणसं गेली. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

आता भाजक. बोट पन्नास माणसांना नेते हे खरं, पण बेट पन्नास माणसांचं नाही. १९५४ पासून ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे. १९४८ पासून तिथे पक्षीनिरीक्षण केंद्र आहे, वाट चुकलेले स्थलांतरित पक्षी बघायला युरोपभरातून लोक जातात. मार्च २०१९ मध्ये ते केंद्र जळून खाक झालं. नवी इमारत बांधायची तर माल समुद्रमार्गेच आणावा लागला ना? आठ आसनांच्या विमानातून तुळया येत नाहीत. मेंढ्याही नाहीत.

पै_पैचा_हिशेब

मालासाठी महिन्यातून एकदा भाड्याची बोट लावा, माणसांसाठी विमानफेऱ्या वाढवा. निम्म्याहून कमी खर्चात भागेल.

उत्तरवारा

मी सहा दिवस राहिलो त्यातले चार दिवस समुद्र शांत होता. धुक्यामुळे विमान नव्हतं. उरलेले दोन दिवस आकाश निरभ्र आणि लाटा धक्क्यावरून. दोन्ही सोयी एकमेकींच्या आजारपणात कामाला येतात, म्हणून दोन्ही लागतात. आणि भाड्याची बोट कुठे लागणार? त्याच उघड्या खाडीत, त्याच आखूड धक्क्याला. बंदराचं काम टळत नाहीच.

निळावंतीताईंच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. शाळेचं दुखणं बोटीने बरं होणार नाही. तिथल्या एका बाईंना मी हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मुलगा गेला याचं वाईट वाटतंच, पण शुक्रवारी तो येणार की नाही हे शुक्रवारी सकाळपर्यंत कळत नाही, त्याचं जास्त वाटतं.

पै_पैचा_हिशेब

ठीक. बंदराचं काम टळत नाही हे मानतो. मग माझा शेवटचा प्रश्न. बांधायला पैसे लंडनने दिले. चालवायला कोण देणार? पश्चिमेच्या बेटांवरच्या कॅलमॅक या सरकारी कंपनीच्या बोटी स्कॉटिश सरकार पोसतं. ही बोट शेटलंड कौन्सिलची. तेवीस हजार वस्तीची कौन्सिल, अंगावर डझनभर बोटी, बहुतेक तीस वर्षांच्या पुढच्या. ही एक बदलली, शेटलंडच्याच येल, अन्स्ट, व्हॉल्सी या बेटांच्या बोटींचं काय?

उत्तरवारा

तिथे तुमच्याशी सहमत. त्या बेटांसाठी फेरो बेटांवर आहेत तसे समुद्राखालचे बोगदे खणावेत अशी चर्चा चालू आहे, कारण ती अंतरं थोडी आहेत. फेअर आइलला तो पर्याय नाही, अडतीस किलोमीटर उघडा समुद्र. चालवण्याच्या खर्चाबद्दल एडिंबरा (स्कॉटिश सरकार) आणि लर्विक (कौन्सिल) यांच्यातली ओढाताण दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी होते, आणि लंडनने बांधकामाला पैसे दिले म्हणून ती मिटत नाही.

निळावंती

वाद चालू द्या. मला एवढंच सांगा, मे महिन्यात जायचं ठरवलं तर विमान बरं की बोट?

खारवा

जाताना बोट, येताना विमान. आणि ग्रटनेसला न्याहारी करू नका, रूस्ट पहिल्या अर्ध्या तासातच लागते.