मदत हवी आहे: लालबाग-परळमधून बाहेर गेलेली कुटुंबं कशी मोजायची?

१९८२च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळची वस्ती कशी पालटली, यावर टिपण लिहितेय. टॉवरमधले नवे रहिवासी नव्हे, चाळी सोडून कल्याण-विरारकडे गेलेली मराठी कुटुंबं मला मोजायची आहेत. जनगणनेत वॉर्डनिहाय लोकसंख्या, साक्षरता मिळाली. मातृभाषेचे तक्ते वॉर्डपर्यंत येतच नाहीत. मतदार याद्याही चाळल्या. पण एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे कोकण-साताऱ्याचे कामगार गावच्या यादीत असतील, तर इथे दिसणार कसे? आडनावावरून भाषा ठरवणं तर मला मुळीच पटत नाही. आता आशा पालिकेच्या मराठी शाळांवर आहे. मुलांची नावं नकोत, फक्त आकडे. १९८१ ते २०११ची वर्षवार पटसंख्या कुठे बघायला मिळेल, आणि माहिती अधिकाराचा अर्ज वॉर्ड ऑफिसात करायचा की शिक्षण खात्याकडे?