मे महिन्यात गच्चीवर ३० माणसं: कमीत कमी दगदगीत कसं जमवायचं?

चाफेकळी
मंडळी, सल्ला हवाय. मेच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तीसेक लोकांना घरी, म्हणजे खरं तर घराच्या वर, गच्चीवर बोलवायचं घाटतंय. नणंद मुलांना घेऊन सुट्टीला आलीये, सगळे चुलत-मावस-आते एकदा भेटूया म्हणतायत, आणि आमच्या दोन बेडरूमच्या घरात तीस माणसं आरतीला मावतात, जेवायला नाही. हॉल नकोय, तिथे साडेनऊ वाजले की मॅनेजर पंख्याच्या बटणापाशी जाऊन उभा राहतो.
ठिकाण पुणे, सिंहगड रोड. तीन मजली जुनी बिल्डिंग, गच्ची कॉमन, लिफ्ट नाही. सत्तरीच्या पुढचे चौघं, मुलं सात-आठ. ड्रिंक्स वगैरे नाहीत. बजेट १२-१५ हजार, थोडं इकडेतिकडे चालेल.
माझी अट एकच, मला त्या दिवशी सगळ्यांबरोबर बसायचंय. वर हशा चाललाय आणि मी खाली पोळ्या लाटतेय असं नकोय, आणि नवऱ्याचं "अगं साधंच करू की काहीतरी" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, त्यामुळे साधं म्हणजे नक्की काय ते तुम्हीच सांगा.

निवांत_नाना
आधी वेळेचं बघा, मेनू नंतर. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, सूर्य सातच्या सुमारास मावळला तरी तो खालून गरम वाफा सोडतच राहतो, म्हणून साडेपाचला एकदा पाणी मारायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि साडेसहाला परत मारायचं, मग सतरंज्या आणि त्यावर गाद्या. चायना मोझॅक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) असेल तर लवकर निवते, काळं डांबरी वॉटरप्रूफिंग असेल तर जास्त वेळ धरा. पिण्याचं पाणी नका ओतू, बोअरचं असेल तर ते वापरा, नाहीतर शेजारीण बोलेल आणि तिचं बरोबरच असेल.
लोकांना साडेसातची वेळ द्या. सव्वाआठला येतील, आपलेच आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
पुण्याच्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणता हे वाचून लय करमणूक झाली 😄 आमच्या नागपुरात पारा ४५ ला टेकतो आणि २५ मेला नवतपा लागला की माणूस दुपारी खिडकीसुद्धा उघडत नाही, तरी रात्री गच्चीवर गाद्या पडतातच. सांगायचं हे की कूलर भाड्याने आणू नका, उघड्यावर त्याचा गारवा टिकत नाही, नुसती घरघर. त्यापेक्षा दोन मोठे स्टँड फॅन आणा. आणि बसणाऱ्यांच्या पायांवर वारा येईल असे थोडे खाली वाकवून ठेवा. डासाला वाऱ्यात धड उडता येत नाही, तुमच्या त्या कॉइल-अगरबत्त्यांपेक्षा फॅन भारी.

चाफेकळी
फॅनचं एकदम पटलं. नाना, गच्ची चायना मोझॅकचीच आहे, वाचलो. आता जेवणाचं बोला.

मेथांबा
ताई, मी नेहमी उलटीकडून ठरवते, म्हणजे गॅसवर ऐनवेळी काय काय करावं लागेल ते आधी लिहायचं आणि ती यादी एका पदार्थावर आणायची. बाकी सगळं गार नाहीतर साध्या तापमानाला चांगलं लागेल असं. उन्हाळ्यात तसंही गरम गरम कोण मागतंय.
पन्ह्याचा गर दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये टाका. उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी तर गूळ दोन वाट्या, मीठ, वेलची, थोडं केशर. वर गार पाण्याचा जार ठेवायचा आणि शेजारी गराची बरणी, पळीने ज्याचं त्याने घ्यायचं, एकालाही सरबत करून द्यायला उठायचं नाही. दुसऱ्या बरणीत कोकम आगळ ठेवा, गोड नको असणारे आगळ-पाणी-मीठ-जिरं करून घेतील.
भेळ हा गच्चीचाच पदार्थ आहे. चुरमुरे, फरसाण, मोड आलेली मटकी उकडून, कांदा, कैरी, दोन चटण्या, सगळं वेगवेगळ्या पातेल्यांत. कालवायचं काम मुलांमधल्या मोठ्या दोघांना द्या, त्यांना मिरवायला मिळतं.
मग दहीभात. हा तीस लोकांना सव्वा किलो तांदळाचा पुरतो, बाकीचं आहे म्हणून. दुपारी तीनला भात मऊ शिजवून घोटायचा, कोमट झाला की भरपूर दूध आणि थोडंसंच दही घालून झाकून ठेवायचा, रात्री साडेआठला बरोब्बर लागलेला असतो. सकाळीच दह्यात कालवला तर मे महिन्यात रात्री तोंडात घालवत नाही. फोडणी, मीठ, काकडी आयत्या वेळी, डाळिंबाचे दाणे वरून.
एक सांभाळा, ओल्या नारळाची चटणी नको. उकाड्यात ती सगळ्यात आधी वास मारते. शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी ठेवा. मेयोनीज घातलेलं सँडविच तर नकोच.

खवचट_खारीक
मुळात स्वयंपाक करायचाच कशाला? पिठलं, ठेचा, भरली वांगी सांगून टाका, भाकऱ्या करून देणाऱ्या ताई प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक उपनगरात आहेत, नगावर हिशोब असतो. भाकरी स्वच्छ पंच्यात गुंडाळून ठेवली की दोन-तीन तास मऊ राहते, पोळीसारखी चिवट होत नाही. पिठलं मात्र घट्ट होतं म्हणून त्याऐवजी कोरडा झुणका सांगा, तो गारही चालतो. पन्हं आणि दहीभात तुमचा, बाकी विकतचं, आणि "सगळं घरचंच आहे हं" असं कुणी विचारल्याशिवाय सांगायची गरज नाही.

मेथांबा
हाहा, भाकरीला अनुमोदन. मग भेळ थोडी करा ताई, आल्या आल्या तोंडात टाकण्यापुरती.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत जुलै-ऑगस्टमध्ये दर वीकेंडला कुणाच्या ना कुणाच्या बॅकयार्डमध्ये हेच चालू असतं आणि आम्ही सरळ पॉटलक करतो, शीट फिरवायची, ज्याने त्याने आपला पदार्थ लिहायचा, यजमानांकडे फक्त ग्रिल, बर्फ आणि पाणी. इथे आरोग्य खात्याचा एक नियम सगळीकडे सांगतात, शिजवलेलं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. पुण्यातही तेच लावा, दहीभाताचं पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा.

चाफेकळी
पॉटलक मनात आलं होतं हो, पण आत्येसासूबाईंना "येताना एक भाजी आणा" म्हणून सांगायची माझी छाती नाही.

समईची_वात
पदार्थ वाटू नका, कामं वाटा! आपल्याकडे पॉटलकला चार घरून चार प्रकारचे गुलाबजाम येतात आणि "माझा डबा तसाच राहिला" म्हणून एक जण रुसतो. त्यापेक्षा एका दिराकडे दिवे आणि वायरी, एका भाचीकडे पाणी, एकाकडे फक्त कचरा. कचऱ्याचा माणूस आधीच ठरवलेला असला की रात्री अकराला तुम्ही एकट्या पत्रावळ्या गोळा करत बसत नाही.
आणि लिफ्ट नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलंय पण खरी दगदग तिथेच आहे. मंडपवाल्याशी बोलताना "वरपर्यंत चढवून आणि वरूनच उतरवून" असं आधीच ठरवा, नाहीतर टेम्पोवाला खुर्च्या पार्किंगमध्ये टाकून निघून जातो. पाण्याचे २० लिटरचे तीन जार, तेही वर पोचवून. किरकोळ वस्तू पिशवीला दोर बांधून गच्चीवरून ओढायच्या, आमच्या वाड्यात आजी भाजी अशीच घ्यायची, पोरांना हे काम जेवणापेक्षा आवडतं (मोठं माणूस सोबत हवं, कठडा बुटका असेल तर हे सगळं रद्द).
तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आमंत्रण द्या. सगळ्यांना बाथरूम त्यांचंच लागणार आहे. ज्येष्ठ मंडळी एकदा वर चढली की परत दोन मजले उतरवू नका त्यांना. त्यांच्यासाठी हात असलेल्या खुर्च्या, गादीवरून उठताना गुडघे बोलतात.

चाफेकळी
बाथरूमचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! वरच्या काकूंना उद्याच सांगते, त्यांना पत्ते खेळायला कुणीतरी हवंच असतं.

ढगांची_डायरी
पावसाचं कुणीच बोललं नाही? मेचा तिसरा आठवडा म्हणजे वळवाचा, दिवसभर तलखी, चारनंतर ढग चढतात आणि पडला तर बहुतेक संध्याकाळीच. ताडपत्री किंवा कापडी मंडप बांधू नका, वळवाच्या आधी जो वारा सुटतो त्यात त्याचं शीड होतं आणि बांबू कुणाच्या तरी गाडीवर. त्यापेक्षा प्लॅन बी म्हणून खालचं पार्किंग ठरवा, दोन तासांसाठी चार गाड्या रस्त्यावर काढायला शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं.
फोनवर दामिनी ॲप टाका, आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, आसपास २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. गडगडाट ऐकू आला की पाऊस नसला तरी गच्ची सोडायची, पहिल्यांदा फॅनचे प्लग काढायचे. यात चर्चा नको.

निवांत_नाना
+१. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र द्या, तारीख, वेळ, किती माणसं. तोंडी परवानगी विसरली जाते. स्पीकर १० ला बंद, तो कायदाच आहे, रात्री १० ते सकाळी ६. खरं सांगू का, स्पीकर नकोच. तीस नातेवाईक, अंताक्षरी आणि हाऊजी असताना आवाज कमी पडतो असं मला तरी कधी दिसलं नाही.

खवचट_खारीक
गोडाचं काय? आमरस सोडून काहीही सांगा.

मेथांबा
का हो? मे महिन्यात आमरस नाही तर काय मग, गाजर हलवा?

खवचट_खारीक
कारण तीस जणांचा रस म्हणजे तीन-साडेतीन डझन आंबे एका माणसाने पिळायचे, मग तो काळा पडतो म्हणून फ्रीजमध्ये जागा करायची, वाट्या भरायच्या, वाट्या धुवायच्या. मला खायला आवडतो हो, पण या बाईंना बसायचंय ना?

रायवळ
दोघंही थांबा, उत्तर माझ्या नावातच आहे. चोखून खायचे आंबे आणा, रायवळ मिळाले तर उत्तमच, नाहीतर पायरी. दुपारी धुऊन, चीक काढून, मोठ्या टबात पाणी आणि बर्फ घालून टाका. टब गच्चीच्या कोपऱ्यात, शेजारी साली-कोयींची बादली आणि हात धुवायला पाणी. वाटी नाही, चमचा नाही, पिळणं नाही. इस्त्रीचे शर्ट घालून आलेल्या भावजींची थोडी पंचाईत होईल, ती बघायलाही मजा येते.
मुलांसाठी पॉट आइसक्रीम. पॉट भाड्याने मिळतो नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर असतोच. दूध आटवून गार करून भरायचं, भोवती बर्फ आणि खडेमीठ, मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जातो म्हणून आइसक्रीम धरतं. हँडल मुलांनी आळीपाळीने फिरवायचं, अर्धा तास सगळी एका जागी गुंततात.
फक्त बर्फाकडे लक्ष द्या. फॅक्टरीतली लादी खाण्याची नसते, २०१८ पासून आपल्याकडे अशा बर्फात निळसर रंग घालायचा नियम आहे. निळा बर्फ फक्त पॉटभोवती. पन्ह्याला आणि आंब्याच्या टबालासुद्धा खाण्याच्या बर्फाची पाकिटं आणा, आंबा सालीसकट तोंडात जातो ना. दोन्ही बर्फ वेगळ्या बादल्यांत आणि बादल्यांवर लिहून ठेवा, कारण कुणीतरी काका हात घालणारच.

वऱ्हाडी_ठेचा
काका नाही, मीच असतो तो.

चाफेकळी
रायवळ, तुम्हाला साष्टांग दंडवत, आंब्याचा टब फायनल! नवरा लगेच म्हणाला "हेच म्हणत होतो मी, साधं काहीतरी." 🙄
तर सध्या असं दिसतंय: आल्यावर पन्हं-आगळ आणि थोडी भेळ, मग भाकरी, झुणका, वांगी, ठेचा बाहेरून, दहीभात माझा, शेवटी टब आणि पॉट. वर गॅस अजिबात नाही. सासूबाईंना "गरम काहीच नाही?" हा प्रश्न पडलाय, त्यांना थर्मासमध्ये चहा देणार. ताटं कसली घेऊ, आणि दिवे?

समईची_वात
सुपारीच्या पानांची ताटं आणि द्रोण घ्या, वांग्याचा रस्सा झिरपत नाही आणि वाऱ्याने उडतही नाहीत. थर्माकोल, प्लॅस्टिक तसंही २०१८ पासून बंद आहे. पाण्याला घरचे स्टीलचे पेले, प्रत्येकाला एकच, त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं. नाहीतर तीस माणसं शंभर ग्लास करतात. दिवे पिवळे लावा, पांढऱ्या ट्यूबवर किडे जास्त येतात, आणि जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर दिवा नको, बाजूला.

ढगांची_डायरी
आदल्या एक-दोन दिवसांत पाऊस झालेला असेल तर पंखवाली वाळवी हमखास निघते. तसं असेल तर सुरुवातीचा अर्धा तास टेबलाजवळचे दिवे बंद, लांब कोपऱ्यात एक पांढरा चालू ठेवा, सगळी तिकडे जाते.

निवांत_नाना
मंडपवाल्याला आजच फोन करा. लग्नसराई आहे, गाद्या मिळतील पण खुर्च्या सगळ्या कार्यालयांत गेलेल्या असतात.

चाफेकळी
आत्ताच केला. गाद्या १२ देतोय वरपर्यंत चढवून, खुर्च्या फक्त ८, त्याही बिनहाताच्या.

निवांत_नाना
मग आठ त्याच्याच घ्या आणि हाताच्या चार-पाच बिल्डिंगमधून गोळा करा. मागच्या बाजूला खडूने फ्लॅट नंबर लिहा, नाहीतर रविवारी सकाळी सगळ्यांकडे एकमेकांच्या खुर्च्या.