आधी रमी, मग माहजाँग

नऊ वर्षांच्या लेकराला माहजाँग, म्हणजे तो सोंगट्यांचा चिनी खेळ, झेपेल का? झेपतं. पण १४४ सोंगट्या एकदम पुढ्यात ओतू नका. गेल्या उन्हाळ्यात परभणीला भाचा-भाचीसोबत मी तीच चूक केली. दहा मिनिटांत दोघं उठून कूलरपुढं आडवे.

दुसऱ्या दिवशी फुलं-ऋतूंच्या ८ सोंगट्या डब्यातच ठेवल्या, वारे आणि ड्रॅगनच्या २८ पण काढल्या. उरल्या १०८: गोल, बांबू आणि चिनी आकडे, प्रत्येकात १ ते ९, चार-चार नग. "रमीच आहे. हातात १३, एक उचल, एक टाक," एवढ्यावर भाचीला कळलं. आमच्याकडं लग्नघरी रात्री रमी रंगते, लेकरं मांडीला मांडी लावून बघत असतात, त्याचा असा उपयोग!

चार त्रिकं (तीन सारख्या किंवा तीन सलग सोंगट्या) आणि एक जोडी जमली की डाव लागला. भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून: सारख्या तीन करायच्या तर कुणीही टाकलेली उचलता येते, पण ४-५-६ असं सलग लावायला फक्त डावीकडच्याचीच. हे आधीच सांगून ठेवा. गुणांचा हिशोब पहिले काही महिने विसरा.

चिनी एक-दोन-तीन म्हणजे नुसत्या आडव्या रेघा, ते सोपं. चारपासून पुढं कागदावर तक्ता काढून दिला. बांबूच्या एक्क्यावर पक्षी असतो. भाची त्याला मोर म्हणते आणि काही केल्या टाकत नाही, हरली तरी.