जादुई बेडका आणि दुसरा थुंकणारा : ‘साइनफेल्ड’मधल्या त्या प्रसंगाला लोक इतके का हसतात?

निवांत_संध्याकाळ (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात न्यू जर्सीला मामांकडे राहायला गेले असताना त्यांच्याबरोबर ‘साइनफेल्ड’ या जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेचे काही भाग पाहिले. मामा १९८०च्या दशकात तिकडे गेले आणि बेसबॉलच्या न्यूयॉर्क मेट्स या संघाचे निस्सीम चाहते झाले, त्यामुळे मेट्सचा खेळाडू कीथ हर्नांडेझ ज्यात स्वतःचीच भूमिका करतो तो ‘द बॉयफ्रेंड’ नावाचा दुहेरी भाग त्यांनी आग्रहाने लावला. त्यात क्रेमर आणि न्यूमन ही मालिकेतली दोन पात्रे १४ जून १९८७ रोजीची एक हकिकत सांगतात : हर्नांडेझच्या चुकीमुळे मेट्स सामना हरले, सामन्यानंतर तो समोरून आला तेव्हा न्यूमनने त्याला टोमणा मारला, आणि पुढे गेलेल्या हर्नांडेझने या दोघांवर थुंकून सूड उगवला. यावर मालिकेचा नायक जेरी हातात गोल्फची काठी घेऊन, त्या दोघांना जागेवर उभे करून, ही हकिकत भौतिकशास्त्राच्या नियमांना धरून कशी नाही हे सिद्ध करू लागतो, आणि तिथे मामा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मलाही हसू आले, परंतु एका थुंकीची एवढी चिकित्सा चाललेली पाहून जेवढे यावे तेवढेच. हे केनेडी हत्येवरच्या एका चित्रपटाचे विडंबन आहे एवढे मामांनी सांगितले आणि “आधी तो सिनेमा पाहा, मग बोलू” म्हणून विषय संपवला. जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. मूळ संदर्भ ठाऊक नसेल तर या प्रसंगातले नेमके काय निसटते? आणि एका राष्ट्राध्यक्षाच्या हत्येवरून केलेला विनोद त्या देशातल्या लोकांना खटकला कसा नाही?

चित्रकथी

तुमच्या मामांचा सल्ला योग्य आहे, परंतु सव्वातीन तासांचा चित्रपट पाहण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरातल्या डीली प्लाझा येथे उघड्या मोटारीतून जाणाऱ्या जॉन केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांच्या पुढच्या आसनावर बसलेले टेक्सासचे गव्हर्नर जॉन कॉनली हेही जखमी झाले. चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने १९६४ साली निष्कर्ष काढला की ली हार्वी ऑस्वाल्ड या एकाच माणसाने, मागच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरून गोळ्या झाडल्या, आणि त्यांतली एकच गोळी केनेडींच्या पाठीतून व गळ्यातून निघून कॉनलींच्या पाठीत, छातीत, उजव्या मनगटात आणि शेवटी डाव्या मांडीत शिरली. आयोगाचे तरुण वकील आर्लेन स्पेक्टर, जे पुढे सेनेटर झाले, ते या ‘एका गोळीच्या’ सिद्धान्ताचे मुख्य शिल्पकार. विरोधकांनी त्याच गोळीला ‘जादुई गोळी’ असे कुत्सित नाव दिले.

ऑलिव्हर स्टोन यांचा ‘जेएफके’ हा चित्रपट २० डिसेंबर १९९१ रोजी प्रदर्शित झाला. त्यात न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील जिम गॅरिसन, म्हणजे केव्हिन कॉस्टनर, न्यायालयात दोन माणसांना पुढेमागे बसवून त्या गोळीचा प्रवास समजावून सांगतात : ती इथे वर वळते, हवेत १.६ सेकंद थांबते, उजवीकडे वळते, मग डावीकडे. आता जेरीचे भाषण आठवा. थुंकी क्रेमरच्या कानशिलावरून उसळते, न्यूमनच्या बरगड्यांवर आदळते, तिथून उजव्या मनगटावर जाते, त्याच्या हातातली टोपी पाडते, हवेत क्षणभर थांबते, डावीकडे वळते आणि डाव्या मांडीवर विसावते. बरगडी, उजवे मनगट, डावी मांडी : या सगळ्या कॉनलींच्या जखमा आहेत, त्याच क्रमाने. टोपीही निरर्थक नाही, कारण गोळी लागली तेव्हा कॉनलींच्या हातात त्यांची हॅट होती. मालिकेच्या लेखकांनी, म्हणजे लॅरी डेव्हिड आणि लॅरी लेव्हिन यांनी, किती बारकाईने काम केले आहे हे इथे दिसते. जेरी शेवटी त्या थुंकीला जे नाव देतो त्याचे मराठी मी ‘जादुई बेडका’ असे करीन. ‘थुंकी’ हा शब्द त्या प्रसंगासाठी फारच सभ्य आहे.

दुसरा धागा ‘मागे आणि डावीकडे’ या शब्दांचा. एब्राहम झप्रुडर नावाच्या कापड व्यावसायिकाने आपल्या घरगुती ८ मिलिमीटर कॅमेऱ्यावर हत्येचे सुमारे २६ सेकंदांचे चित्रण केले होते. ते १९७५ साली राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर प्रथम दाखवले गेले, तेव्हा केनेडींचे डोके मागे आणि डावीकडे फेकले गेलेले लाखो लोकांनी पाहिले. डोके मागे गेले म्हणजे गोळी समोरून, दुसऱ्याच कोणी झाडली, असा दावा करत चित्रपटातला वकील ती फीत पुन्हा पुन्हा दाखवतो आणि तेच शब्द मंत्रासारखे म्हणतो, आणि जेरी क्रेमरकडून तेच वदवून घेतो. चित्रपटातल्या ‘गवताळ टेकाडावरच्या दुसऱ्या बंदूकधाऱ्या’च्या जागी इथे ‘खडीच्या रस्त्यालगतच्या झुडपांमागचा दुसरा थुंकणारा’ येतो. क्रेमर-न्यूमनची आठवण दाखवताना पडद्यावरचे चित्रही जुन्या घरगुती फितीसारखे होते, हे पुन्हा पाहाल तेव्हा लक्षात येईल.

आता सर्वांत गमतीची गोष्ट. न्यूमनची भूमिका करणारे वेन नाइट ‘जेएफके’मध्येही आहेत, वकिलाच्या सहकाऱ्याच्या भूमिकेत, आणि न्यायालयातल्या त्या प्रात्यक्षिकात ज्या दोघांच्या अंगावर गोळीचा मार्ग दाखवला जातो त्यांतले एक तेच आहेत. हा भाग १२ फेब्रुवारी १९९२ रोजी प्रसारित झाला, म्हणजे चित्रपट येऊन दोन महिनेही झाले नव्हते. न्यूमन म्हणून तर त्यांना पडद्यावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. चित्रपटगृहात ज्या माणसाच्या अंगावर गोळीचा मार्ग आखलेला पाहिला, त्याच्याच अंगावर आता थुंकीचा मार्ग आखला जातो आहे, हे ज्यांना ओळखू आले असेल त्यांचे हसू कसे असेल याची कल्पना करा.

खगोलवेडा

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, फक्त एक भर घालावीशी वाटते, कारण अनेक चाहते या प्रसंगामुळे वॉरन आयोगाचे हसे झाले असे समजून चालतात.

चित्रपटातले प्रात्यक्षिक गोळीला वेडीवाकडी वळणे घ्यायला लावते, कारण त्यात दोन्ही माणसे एकामागे एक, सरळ रेषेत आणि सारख्या उंचीवर बसवली आहेत. प्रत्यक्षात कॉनली मोटारीच्या घडीच्या आसनावर बसले होते. ते आसन केनेडींच्या आसनापेक्षा काही इंच खाली आणि आतल्या बाजूला होते, शिवाय गोळी लागली त्या सुमारास ते उजवीकडे वळलेले होते. माणसे त्यांच्या खऱ्या जागी बसवली की गोळीचा मार्ग जवळजवळ सरळ होतो आणि जादू संपते. १९७९ साली प्रतिनिधिगृहाच्या ज्या समितीने ध्वनिमुद्रणाच्या आधारे कटाची शक्यता मान्य केली, तिनेसुद्धा एका गोळीचा निष्कर्ष कायम ठेवला होता, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा पुरावा पुढे १९८२ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अमान्य केला.

‘मागे आणि डावीकडे’चीही तीच गत आहे. झप्रुडर फितीच्या ३१२ आणि ३१३ या चौकटी शेजारी ठेवल्या तर डोके आधी किंचित पुढे सरकलेले दिसते आणि त्यानंतर मागे जाते. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ यांनी चिकटपट्टी गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडून दाखवले होते की पुढच्या बाजूने वेगाने उडणाऱ्या द्रव्यामुळे फळ बंदुकीच्याच दिशेने मागे येऊ शकते. त्यांचा लेख १९७६ सालचा आहे. म्हणजे जेरी ज्या भौतिकशास्त्राच्या अढळ नियमांची ग्वाही देतो, ते नियम त्याच्या बाजूने आहेतच असे नाही.

माझ्या मते विडंबन वॉरन आयोगाचे नाही आणि केनेडींचे तर नाहीच. ते त्या वक्तृत्वाचे आहे. आवाज पुरेसा गंभीर ठेवला, प्रत्येक पायरीवर थोडे थांबले आणि हातात दाखवायला काठी असली, तर कोणतीही साधी घटना अशक्य वाटू लागते. जेरीच्या भाषणात बेडक्याऐवजी चहाचा सांडलेला थेंब घातला तरी ते तितकेच पटेल. धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मला इथेच सापडते. हत्येच्या दुःखाला कोणी हात लावलेला नाही. हात लावला आहे तो चित्रपटातल्या वकिलाच्या आविर्भावाला, आणि तो चित्रपट त्या हिवाळ्यात अमेरिकेत घरोघरी वादाचा विषय होता.

अवांतर : खऱ्या गॅरिसन यांनी १९६९ साली, हत्येच्या कटाचा आरोप असलेल्या क्ले शॉ यांच्यावरील खटल्यात ज्यूरीला झप्रुडर फीत अनेकदा दाखवली होती. ज्यूरीने तासाभराच्या आत आरोपीला निर्दोष सोडले.

निवांत_संध्याकाळ

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री तो प्रसंग पुन्हा पाहिला आणि या वेळी टोपी पडण्याचा उल्लेख आला तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. मात्र एक शंका उरली. विडंबन जर कटाचा दावा करणाऱ्यांच्या वक्तृत्वाचे असेल, तर शेवटी जेरीचेच म्हणणे खरे का ठरते? हर्नांडेझ स्वतः येऊन सांगतो की थुंकणारा मी नव्हतो, तो झुडपांमागचा रॉजर मॅक्डॉवेल होता. म्हणजे लेखक स्टोन यांच्या बाजूचे झाले की काय?

पायरीवरची_मांजर

ही शंका मलाही आवडली, कारण या भागाचे खरे सौंदर्य मला त्या शेवटातच दिसते.

मॅक्डॉवेल हा मेट्सचा खराखुरा गोलंदाज, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत पिचर. हर्नांडेझप्रमाणे तोही १९८६ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकणाऱ्या संघात होता आणि सहकाऱ्यांच्या खोड्या काढण्यासाठी प्रसिद्ध होता. त्यामुळे झुडपांमागून थुंकणारा म्हणून त्याचे नाव आले, याला जाणकार प्रेक्षक आणखी थोडे जास्त हसले असणार. पण तो का थुंकला? कारण संपूर्ण सामनाभर क्रेमर आणि न्यूमन प्रेक्षकांतून त्याला शिव्या घालत होते आणि न्यूमनने तर त्याच्या डोक्यावर बिअर ओतली होती. हे ते दोघे अगदी सहज, ओघाओघात सांगतात. म्हणजे दुसरा थुंकणारा होता हे खरे, परंतु त्यामागे ना कोणती गुप्तहेर संस्था होती ना कोणते लष्करी षड्यंत्र. एका भिजलेल्या माणसाने सरळ परतफेड केली होती. जेरीचा तर्क बरोबर निघतो आणि त्या तर्काला आलेला भारदस्तपणा मात्र एका पेलाभर बिअरमध्ये वाहून जातो. लेखकांनी स्टोन यांची बाजू घेतली असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी त्यांना खटला जिंकून दिला आणि बक्षीस काढून घेतले, असे मी म्हणेन.

या प्रसंगाभोवतीचे कथानकही त्याला पूरक आहे. जेरी हर्नांडेझशी झालेल्या नव्या मैत्रीने इतका भारावलेला आहे की आपल्या नायकावरचा आरोप खोटा ठरवणे ही त्याची स्वतःची गरज आहे. गोल्फची काठी हातात घेतलेला तो तटस्थ चौकशी अधिकारी मुळीच तटस्थ नाही. जेरीचा मित्र जॉर्ज याचे बेकारभत्त्याचे उपकथानक, ज्यात तो ‘व्हँडेले इंडस्ट्रीज’ नावाची अस्तित्वातच नसलेली कंपनी निर्माण करतो, तेही पाहा : एका खोलीत खोटी हकिकत रचली जाते आहे आणि दुसऱ्या खोलीत खरी हकिकत अशक्य ठरवली जाते आहे.

चित्रकथी

मांजरबाईंशी पूर्ण सहमत. बक्षीस काढून घेण्याबद्दल मात्र एक पुस्ती जोडतो : खऱ्या जगात स्टोन यांच्या पदरात काहीतरी पडले. चित्रपटामुळे उठलेल्या चर्चेच्या दबावाखाली अमेरिकी संसदेने १९९२ सालीच केनेडी हत्येची कागदपत्रे खुली करण्याचा कायदा केला. ज्या वर्षी दूरचित्रवाणीवर बेडक्याची चौकशी झाली, त्याच वर्षी हे घडले.

आणि थोडे भाषेचे. मराठीत ‘थुंकी झेलणे’ म्हणजे एखाद्याची लाचारी पत्करणे. या भागात न्यूमनने थुंकी अक्षरशः झेलली, आणि लाचारी पत्करली ती जेरीने, हर्नांडेझच्या मैत्रीसाठी. मूळ लेखकांना हा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु मराठी प्रेक्षकाने तो अधिकचा म्हणून घ्यावा.

खगोलवेडा

जाता जाता एक तक्रार, जेरीच्या चौकशीबद्दल. त्याने कोन मोजले, बरगड्या मोजल्या, डोके कोणत्या दिशेला गेले ते तीनतीनदा विचारले. पण ‘त्या दिवशी तुम्ही दोघांनी आणखी कोणाची कुरापत काढली होती का’ हा प्रश्न त्याला एकदाही सुचला नाही. पाच वर्षे हर्नांडेझच्या नावाने बोटे मोडणाऱ्या न्यूमनलाही ती बिअर आठवली नव्हती.

निवांत_संध्याकाळ

हा धागा मामांना वाचून दाखवला. बिअरचा मुद्दा ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की चूक मुळात हर्नांडेझचीच होती, तो झेल त्याने सोडायलाच नको होता. शनिवारी आम्ही ‘जेएफके’ पाहणार आहोत. त्यांनी तीन तास व्हिडिओ कॉल सुरू ठेवण्याचे कबूल केले आहे.